पोथी वाचायची सोडून वाजवली

चहा आला ना सगळ्यांचा? मग ऐका. पण आधी कप खाली ठेवा, कारण मागच्या खेपेला हे ऐकताना आमच्या शेजाऱ्यांनी चहा माझ्याच सदऱ्यावर उडवला होता. असा गाढवपणा केलाय मी, की लपवावा म्हटलं तर अख्ख्या रेवदंड्याने तो उघड्या डोळ्यांनी बघितलेला! दुसऱ्याने सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेला बरा. निदान तिखटमीठ तरी आपल्या हातचं.

मी मूळचा तळ्याचा, म्हणजे रोह्यापलीकडच्या तळा गावचा. आमच्याकडे डोंगर, भातशेती, आणि पाणी म्हणाल तर विहिरीत. नोकरीने मला रेवदंड्याला आणून टाकलं, शाळेत मराठी शिकवायला. समुद्राशी माझं नातं लांबून बघण्यापुरतं. पायाला लाट लागली की मी मागे सरतो. होडीचं तर नावच नको. एकदा बांधाला लागलेल्या होडीत नुसता बसलो होतो, तर घरी येऊन ताकभात पोटात ठरला नाही. आमची सुलभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, ती गोष्ट आल्यागेल्या सगळ्यांना सांगते.

तरी कोळीवाड्यात मला मान होता. का? तर पोथी! नवी होडी पाण्यात घालायची, तर आधी खाडीवरच्या आईची पोथी वाचायची, अशी तिथली रीत. तीनच अध्याय, पण नियम कडक. पोथी सुरू झाली की वाचणाऱ्याने उठायचं नाही, आणि ओवीशिवाय तोंडातून एक शब्द काढायचा नाही. शेवटची ओवी झाली की शंख, मग नारळ, मग होडीला खांदा. पोथी अर्धी राहिली तर होडी हलवायची नाही म्हणजे नाही.

माझा आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, म्हणून वाचायचा मान माझ्याकडे आला. पण खरं सांगू का? ऐकत कोणी नव्हतं! म्हातारे पेंगायचे, बायका पापलेटचा भाव बोलायच्या, आणि तरण्यांचं लक्ष नारळाकडे. मी इकडे घसा फोडून देवीला समुद्रातून वर काढतोय आणि समोर कोणीतरी घोरतोय. मास्तर माणूस मी, वर्गात पोरगं जांभई देताना दिसलं तर खडू फेकणारा! मला किती लागत असेल?

त्यात पोथी जुनी, हात लावला की पानाचा कोपरा हातात यायचा. म्हटलं, हीच वेळ आहे. सुलभाची भाची रेश्मा खारघरला असते, मोबाइलवर वाचायची पुस्तकं बनवायची कामं करते. तिला फोन लावला.

"काका, टेन्शन मत लो," ती म्हणाली. "एकदम इंटरॅक्टिव्ह बनवू. टच केलं की लाटांचा आवाज, पान उलटलं की शंख, देवी स्क्रीनवर वर येणार. पब्लिक बघतच बसेल!"

मला तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. लाटा घाल, शंख घाल, घंटा घाल, देवीचा आवाज घाल! मी सांगत गेलो, ती घालत गेली. जेवताना हे सगळं सुलभाला सांगितलं. तिने शांतपणे आमटी वाढली आणि विचारलं, "पण वाचायची पोथी तुम्ही वाजवताय कशाला?"

"अगं, काळ बदलला! नुसत्या अक्षरांनी आता कोणाचं मन लागत नाही. चित्र, आवाज, हालचाल असली की मजकूर आत उतरतो."

"पोराला चमच्यात विमान दाखवून भरवतात, तसं म्हणा की. विमान बघतं, भात थुंकतं."

बायकांना नव्याची आवडच नसते, असं म्हणून मी विषय मिटवला. तरी देवीचा आवाज तिचाच घेतला. घरात दुसरं कोण होतं? "शाब्बास भक्ता!" हे वाक्य तिला बऱ्याचदा म्हणून बघावं लागलं, गळ्याला सवय नव्हती ना! "चूक! पुन्हा प्रयत्न करा!" मात्र पहिल्या फटक्यात असं आलं, की मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

आता ते "चूक" कशाला, तर प्रत्येक अध्यायाच्या शेवटी मी एक प्रश्न घातला होता. बरोबर उत्तर दाबल्याशिवाय पुढचं पान उघडणारच नाही. बघू कसे पेंगतात! प्रश्न मीच काढले, पर्यायही मीच. प्रश्नपत्रिका काढण्यात जन्म गेलेला माझा. आमच्या धंद्यातलं एक तत्त्व सांगतो: बरोबर उत्तर कधी पहिलं ठेवायचं नाही. आळशी पोरं डोळे मिटून 'अ' लिहितात. म्हणून माझं बरोबर उत्तर नेहमी 'क'. आणि 'अ'मध्ये मी काहीतरी विनोदी ठेवतो, तपासताना तेवढीच करमणूक.

रेश्मा फोनवर म्हणाली, "काका, प्रश्न टाकलेत ना, मग बरोबर उत्तरावर टिक करा हं. नाही केलीत तर सिस्टम काय करते, माहितीये..."

"अगं, मला शिकवतेस?" मी म्हटलं. "ते राहू दे. शंख जरा अजून घुमेल का?"

नारळी पुनवेला जुनी पोथी आम्ही वाजतगाजत समुद्रात सोडली. जीर्ण ग्रंथ पाण्यात सोडायचा, ही रीतच आहे. त्या वेळी मी भाषणही ठोकलं की ज्ञान आता पानांत राहिलं नाही, खिशात आलं. टाळ्या पडल्या. एक लाट आली आणि पोथी घेऊन गेली. मी अर्थातच वाळूत लांब उभा होतो.

दुसऱ्या दिवशी धर्मा नाखव्याची नवी होडी पाण्यात घालायची होती. धर्मा म्हणजे पोथीच्या निमित्ताने झालेला माझा मित्र. जुनी होडी गेल्या वर्षी फुटली, तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या होडीवर खलाशी म्हणून जात होता. स्वतःला नाखवा म्हणवून घ्यायची त्याला लाज वाटायची. त्याची आई, हिराआय, रोज संध्याकाळी नव्या होडीवरून हात फिरवून जायची. आणि अडचण अशी, की होडी बांधली होती वाळूच्या उंचवट्यावर. उधाणाचं पाणी चढतं तेव्हाच ती तरंगणार. पुनवेचं उधाण चुकलं तर सरळ अवसेपर्यंत ती वाळूत, आणि हंगाम तर सुरू झालेला.

"मास्तर, दुपारच्या भरतीला पोथी व्हायला होवी," धर्मा म्हणाला. "पानी कुनासाठी थांबत न्हाय."

"अरे, नवी पोथी आहे. भराभर होईल!" मी म्हणालो. ऐकताय ना? भराभर!

होडीशेजारीच मांडव. मोबाइल चौरंगावर, त्याला लग्नातला मोठा स्पीकर जोडलेला. मांडवात माणसं मावेनात. मी आचमन केलं, हात जोडले आणि पान उघडलं. शंख असा घुमला, की बंदरावरचे कावळे उडाले.

आणि बाहेरची तरणी मंडळी होडीला खांदे लावून तयारच होती ना! त्यांना काय माहीत, हा सुरुवातीचा शंख आहे? "हय्या!" करून त्यांनी होडी ढकलली. होडी करकरली, मांडवाचा खांब हलला.

"अरं मेल्यांनो, थांबा!" हिराआय ओरडली. "नारल फुटला न्हाय, पोथी झाली न्हाय, कंचा शंख ऐकलाव?"

होडी थांबली. धर्माने एका माणसाला बाहेर उभं केलं, प्रत्येक शंखाला "ह्यो खरा न्हाय!" असं ओरडायला. आणि शंख मी पानापानाला घातला होता. त्या माणसाचा घसा शेवटी माझ्यापेक्षा जास्त बसला.

पण एक सांगतो, कोणी पेंगत नव्हतं. लाटा वाजल्या की बायका पदर सावरत होत्या. देवी वर आली तेव्हा म्हाताऱ्यांनी चष्मे पुसले. आणि मी काय सुरात वाचत होतो!

दक्षिण सागरी उठली लाट । देवीने धरली खाडीची वाट । मोठा मासा वाहनाचा थाट । लेकरांसाठी ॥

मी सुलभाकडे तिरक्या नजरेने बघितलं. बघ म्हटलं, विमानही बघतायत आणि भातही जातोय! पहिला अध्याय संपला. पडद्यावर प्रश्न आला आणि स्पीकरमधून देवी बोलली: "सांग भक्ता, मी कुठून आले? अ, तळ्याहून. ब, म्हसळ्याहून. क, समुद्रातून."

'अ'मधला विनोद लक्षात आला ना तुमच्या? माझंच गाव घातलं होतं, गंमत म्हणून. मांडवातून एकच गलका झाला, "समुद्रातून!" मी ऐटीत 'क'वर बोट ठेवलं.

"चूक! पुन्हा प्रयत्न करा!"

सुलभाच्या त्या आवाजाने माझा हात सवयीनेच मागे आला. म्हटलं, नीट लागलं नसेल. पुन्हा 'क'. "चूक! पुन्हा प्रयत्न करा!" अजून जोरात दाबलं. मोबाइलला काय, तो कितीही वेळा चूक म्हणेल! लोक माझ्याकडे बघायला लागले, आणि मला तोंड उघडायची सोय नाही.

"मास्तर, पानी चरतंय," वर येणाऱ्या भरतीकडे बघत धर्मा हळूच म्हणाला.

घामाने माझं बोट ओलं झालेलं, ते घसरलं आणि 'अ'वर पडलं. घंटा वाजल्या, फुलं उधळली गेली, आणि देवी म्हणाली, "शाब्बास भक्ता!"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टिक! रेश्मा जे सांगत होती आणि मी जे ऐकलं नव्हतं, ते हेच. टिक केली नाही तर पहिलंच उत्तर बरोबर धरलं जातं. आणि माझी पहिली उत्तरं तर सगळी विनोदी!

मांडवात मात्र कुजबुज सुरू झाली होती. "देवी तल्याची?" "मंग समुद्रातून आली कशी?" "अगो, माहेर तल्याचं असंल. पुढं आली समुद्रातून." हिराआय माझ्याकडे टक लावून बघत होती. "मास्तरबी तल्याचा," ती म्हणाली. "उगाच न्हाय आला ह्यो हितं."

नाही हो आय, नाही! पण बोलणार कसा? हातवारे करून बघितले. लोकांना वाटलं, मुद्रा चालल्यात, त्यांनीही हात जोडले. शेवटी एक युक्ती सुचली. ओवीशिवाय बोलायचं नाही ना? मग ओवीतच सांगतो! दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच सूर लावून म्हटलं,

ऐका ऐका भाविक जन । प्रश्न लिहिता भरकटले मन । उत्तर न घ्यावे खरे मानून । मास्तर चुकला ॥

काय झालं असेल? सांगा! "बोला, खाडीवरल्या आयचा इजय असो!" अख्खा मांडव गरजला. हिराआयने डोळ्यांना पदर लावला. "पोथीत मास्तराचं नाव हाय रं! इतकी वरसं वाचलान, पन कदी सांगलान न्हाय. केवडं नम्र मानूस!"

कोपऱ्यात सुलभा तोंडात पदर कोंबून गदगदा हलत होती. तिला एकटीला सगळं कळलं होतं. पण सांगेल तर शप्पथ!

दुसरा अध्याय मी आगगाडीच्या वेगाने वाचला. प्रश्न आला: "मी कशी आले? अ, एसटीने. ब, घोड्यावरून. क, मोठ्या माशावर बसून." मी डोळे मिटले आणि 'अ' दाबलं. "शाब्बास भक्ता!"

मला वाटलं, आता तरी हसतील, आता तरी कोणीतरी म्हणेल की हा चावटपणा आहे. छे! सगळे गंभीर. एक आजोबा म्हणाले, "तवा एसटी कुठं व्हती?" त्यांना लगेच उत्तर मिळालं, "देवीला काय अशक्य हाय?" मागून एकजण विचार करून म्हणाला, "पन तल्याहून हितं थेट गाडी न्हाय. रोह्याला बदलाया लागते." यावर बराच वेळ खल झाला. माशाचं काय, तर मासा रोह्यापासून पुढे, असं ठरलं.

बाहेर पाणी होडीच्या बुडाला लागलं होतं. ती हलकेच डोलायला लागली होती. धर्मा मांडवाच्या तोंडाशी उभा, एक डोळा पाण्यावर आणि एक माझ्यावर. तिसरा अध्याय मी कसा वाचला, ते देवीलाच ठाऊक. समारोपाच्या शेवटच्या दोन ओव्या पुढच्या पानावर होत्या, आणि त्या पानाआधी तिसरा प्रश्न. तो आठवून माझा आवाज कापायला लागला. लोकांना वाटलं, भक्तीने.

"सांग भक्ता, नव्या होडीत पहिलं बसायचा मान कोणाचा? अ, वाचणाऱ्या मास्तरांचा. ब, मास्तरांच्या बायकोचा. क, नाखव्याच्या आईचा."

कसली अवदसा आठवली होती मला हे लिहिताना! घरात पंख्याखाली बसून, चिवडा खात, स्वतःशीच हसत लिहिलं होतं. हिराआय ठेवणीतलं लुगडं नेसून, गजरा माळून, त्या मानासाठी सकाळपासून उपाशी बसली होती. तिच्यासमोर 'अ' दाबू? वेडी आशा म्हणून मी 'क' दाबून बघितलं.

"चूक! पुन्हा प्रयत्न करा!"

हिराआयचा चेहरा उतरला. तिचा हात गजऱ्याकडे गेला. मला असं वाटलं, की जमीन दुभंगावी आणि मोबाइलसकट मला पोटात घ्यावं. माझं बोट क्षणभर 'ब'कडेही गेलं. तेवढ्यात सुलभाने असं काही बघितलं, की ते आपोआप परत आलं.

"मास्तर," धर्माचा आवाज फुटला, "पानी परतलं. दाबा काय ते. माझी होरी वालूत बसंल ओ!"

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षभर दुसऱ्याची जाळी ओढलेली त्याने. माझी भीती मोठी की त्याची होडी? दाबलं 'अ'!

"शाब्बास भक्ता!"

शेवटच्या दोन ओव्या मी एका श्वासात म्हटल्या. शंख वाजला. बाहेरच्या माणसाने ओरडून सांगितलं, "ह्यो खरा हाय!" नारळ फुटला, आणि माझं तोंड सुटलं.

"आय, ऐका! हे सगळं माझं चुकलंय! प्रश्न मी लिहिले, उत्तरं मी उलटी लावली, देवीचा आवाज आमच्या सुलभाचा आहे! देवी तळ्याची नाही, एसटीने आली नाही, आणि मान तुमचाच आहे!"

हिराआयने मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मास्तर, तुमी देवीपरीस शाने झालाव काय? तुमी म्हनलाव समुद्र, ती म्हनली तला. तुमी म्हनलाव माझा मान, ती म्हनली तुमचा. तिच्या म्होरं तुमचं काय चाललं? आनी पोथीतच लिवलंय की, मास्तर चुकला."

यावर काय बोलता? बोला! प्रत्यक्ष माझ्याच ओवीने माझा गळा धरला. सुलभाला म्हटलं, तू तरी सांग गं. ती म्हणाली, "अहो, मी कोण सांगणार? मला नव्याचं काही कळत नाही."

तेवढ्यात कोणीतरी चौरंगावरचा मोबाइल माझ्या खिशात कोंबला आणि चौघांनी मला उचललं. मी पाय झाडत होतो. लोक म्हणाले, अंगात आलंय. होडीच्या तोंडाशी मला बसवलं, गळ्यात हिराआयचा गजरा घातला. ती स्वतः माझ्या मागे येऊन बसली आणि माझी कॉलर घट्ट पकडली. "भिऊ नका," म्हणाली, "मान तुमचा, पन तुमाला धरायचा मान माझा." आणि खरं सांगतो, त्या क्षणी तिचा चेहरा एवढा फुलला होता, की मलाही बरं वाटलं. अगदी पहिली लाट येईपर्यंत.

"हय्या! हय्या!" होडी वाळूवरून घसरली, एकदा डावीकडे कलंडली आणि तरंगली. थोडक्यात सुटली, नाहीतर बसलीच होती. धर्मा सुकाणूवर उभा राहून असा ओरडला, की इंजिनाचा आवाज ऐकू येईना. नाखवा पुन्हा नाखवा झाला होता. किनाऱ्यावर बायका नाचत होत्या, आणि त्यांच्यात माझी बायको सगळ्यांत पुढे!

खाडीचं तोंड ओलांडलं आणि समुद्राने होडी हातात घेतली. वर, खाली. वर, खाली. माझं पोट तिच्या मागून. मी होडीची फळी मिठी मारून धरलेली, डोळे गच्च मिटलेले. तेवढ्यात सदऱ्याच्या खिशातला मोबाइल बोलायला लागला. पुस्तक पूर्ण झालं की वाचकाचं मत विचारायचं, हे रेश्माने स्वतःच्या मनाने घातलेलं होतं.

"प्रिय वाचका," सुलभाच्या गोड आवाजात देवी म्हणाली, "हे पुस्तक वाचताना आपण कथेत प्रत्यक्ष सहभागी झाल्यासारखं वाटलं का?"

"मास्तर, देवी इचारते हाय," हिराआयने मागून कॉलर हलवली. "उत्तर द्या."

दिलं. होडीच्या काठावरून पार खाली वाकून, अगदी सविस्तर दिलं.